उन्हात धरून बघ

माझं पहिलं कार्ड:
फिकट राखाडीवर जरा कमी फिकट राखाडी,
कोपरे गोल, सावली मऊ,
वर प्रभागाचं नाव, खाली एक टिंब.
हिरवं म्हणजे आज नळ येणार,
लाल म्हणजे नाही.
भुसावळात मे महिन्यात
याहून मोठी बातमी नसते.

रात्री दीडला कोड पाठवला जुबेदाला.
ती 'छान' म्हणेल आणि झोपेल, असं वाटलं.

सकाळी एकोणीस टिपणं.

पहिलं: 'दुपारी एकला गच्चीवर जा.
मोबाइल उन्हात धर आणि वाच.'
गेले. बिबडे वाळत होते, पाय भाजत होते,
आणि स्क्रीनवर फक्त मी,
घामेजलेली.
पलीकडच्या गच्चीवरून सिंधूमावशी डोकावल्या,
'मले तं काईच दिसत नई यात.
आरसा हाय का वं?'

दुसरं: 'माझ्या भावाला लाल-हिरवं सारखंच दिसतं.
त्याच्याकडे रोज पाणी येतं,
की कधीच येत नाही?'
मी हसले.
मग थांबले.

'"सर्वोदय"चा रफार छताला आपटतोय.
ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं शिवलीस.
आपली अक्षरं गच्चीवर झोपल्यासारखी
वर-खाली हातपाय पसरतात,
जागा दे.'

'आता प्रभागाच्या जागी हे टाकून बघ:
रेल्वे सेवानिवृत्त कर्मचारी
सहकारी गृहनिर्माण संस्था, भाग दोन.'
टाकलं. खोकं फुटलं.
भाग दोन शेजारच्या कार्डात
बिऱ्हाड करून बसला.

'हे बटन नाही. बटनासारखा रंगवलेला डिव्ह आहे.
माउस बाजूला ठेव, नुसत्या कळा दाबून ये.'
मी टॅब दाबत गेले, आणि फोकस
दुसखेड्याला न थांबणाऱ्या गाडीसारखा
धाडधाड पुढे.

बारा प्रभाग, बारा वेळा तोच कोड,
त्यावर तिनं एवढंच लिहिलं होतं:
'सोऱ्या एकच असतो ना गं घरात?'

चहावर साय आली.
मी उत्तर लिहिलं, खोडलं.
दुसरं लिहिलं, 'तू स्वतःला काय समजतेस',
तेही खोडलं, पण उशिरा,
ती टाइप करतेय अशी तीन टिंबं दिसेपर्यंत
ते तसंच होतं माझ्या खिडकीत.

संध्याकाळी ती यावलच्या बसमधून बोलली,
मागे कंडक्टरची घंटी.
'माझ्या पहिल्या पानाला वर्गात सगळे हसले होते.
कुठं चुकलं, ते एकानंही सांगितलं नाही.'
मग रेंज गेली.

पंधरावं टिपण मी दोनदा वाचलं:
'"झाकण" हे नाव आवडलं.
काय उघडतं, काय मिटतं, न विचारता कळतं.'
तेवढी एकच शाबासकी. पुरली.

तीन रात्री गेल्या.
राखाडी गेला, काळं आलं.
टिंबाशेजारी शब्द आला.
बाराचं एक झालं,
निम्म्याहून जास्त ओळी पुसल्या
आणि काहीच कमी झालं नाही.

राहिलं फक्त शेवटचं, एकोणिसावं:
'व्हॉल्व्ह उघडणारा माणूस लग्नाला गेला तर?'
याचं उत्तर कोडमध्ये कुठं लिहायचं,
कळेना. सोडून दिलं.

चौथ्या दिवशी आमची पाळी.
कार्डावर ठसठशीत: आज पाणी येणार.
रफार-वेलांट्या सगळ्या जागेवर.
खाली हंडे, पिंपं, डाळीचा रिकामा डबासुद्धा रांगेत.
सहा वाजले. साडेसहा.
नळानं दोनदा खाकरून पाहिलं
आणि गप्प बसला.
सिंधूमावशींनी माझ्या मोबाइलकडे बघितलं,
या वेळी त्यांना सगळं स्पष्ट वाचता आलं होतं.

मी पायरीवरच लॅपटॉप उघडला.
माझ्या कार्डाला 'हो' येत होतं,
'नाही' येत होतं,
घरातल्या थोरल्यांसारखं
तिसरं काही तोंडातून निघतच नव्हतं.

अकरापर्यंत ते लिहीत बसले,
मग मोबाइल उन्हात धरला.

अजून कळलेलं नाही.

पायरीवरून वाचता येत होतं.